न्याय, तुलना आणि ख्रिस्ती प्रीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळ्यांना जय ख्रिस्त. आमच्या बायबल अभ्यासाच्या ग्रुपवर आणि मला वेगळे असे जे मेसेज येतात ना, त्यातले बरेचसे फिरून फिरून दोनच गोष्टींवर येतात. एक, "त्याने असं केलं, आता त्याच्याबद्दल मी काय समजू?" आणि दुसरं, "तिचं किती चांगलं चाललंय, माझंच का नाही?" म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी पाळक नाही, संडे स्कूलमध्ये शिकवते, त्यामुळे वचनं तुम्ही स्वतः उघडून वाचा आणि पटत नसेल तर सांगा.

१. "दोष काढू नका" असं प्रभूने सांगितलंय, मग कोणाची चूक दिसली तरी गप्पच बसायचं का?

नाही. मत्तय ७ चं पहिलं वचन सगळ्यांना पाठ असतं पण पाचव्यापर्यंत फार थोडे जण जातात. पाचव्यात प्रभू म्हणतो, आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे भावाचं कुसळ काढायचंच आहे, ते तसंच राहू दे असं तो म्हणत नाही. मूळ ग्रीकमध्ये बारीक काडी आणि घराची तुळई असे शब्द आहेत, सुतारकाम केलेल्या माणसाच्या तोंडचे. मराठीत कुसळ आणि मुसळ आलं आणि ते आपल्याला लगेच कळतं.

माझ्या डोळ्यात लहानपणी खरंच कुसळ गेलं होतं, गव्हाची मळणी चालू होती तेव्हा. मी ओरडत आजीकडे पळाले. तिने आधी तांब्यातल्या पाण्याने हात धुतले, मला ओट्यावर उजेडाकडे तोंड करून बसवलं, माझं डोकं स्वतःच्या पोटाशी घट्ट धरलं, लुगड्याच्या पदराचं टोक ओलं करून त्याला पीळ दिला आणि पापणी हळूच उलटी केली. "मिटू नको बाळा, झालंच." तेवढा वेळ ती श्वास पण हळू घेत होती. मळणीपाशी कशाला कडमडलीस हे ती बोलली, नाही असं नाही, पण डोळा पुसून झाल्यावर. मला मत्तय ७ कळतं ते त्या ओट्यावरून. लांब उभं राहून "तुझ्या डोळ्यात काहीतरी आहे" असं दहा जणांसमोर ओरडणाऱ्याने आजवर कोणाचंच कुसळ काढलेलं नाही.

२. मग न्याय करणं आणि पारख करणं यात फरक काय? दोन्ही सारखंच वाटतं.

गोंधळ होतो कारण ग्रीकमधला क्रिनो हा शब्दच मोठा आहे, निवडणं, ठरवणं, निवाडा देणं, दोषी ठरवणं, सगळं त्यात येतं. म्हणून तोच प्रभू एकीकडे दोष काढू नका म्हणतो आणि योहान ७:२४ मध्ये वरवर पाहून न्याय करू नका, योग्य न्याय करा असंही म्हणतो. मत्तय ७ मध्येच पुढे डुकरांसमोर मोती टाकू नका आणि खोटे संदेष्टे फळांवरून ओळखा हे आहे, आणि फळं बघायची तर डोळे उघडे ठेवावेच लागतात.

मी स्वतःपुरतं असं ठरवलंय की पारख गोष्टीची करायची आणि माणसाचा शेवटचा हिशोब आपल्या हातात घ्यायचा नाही. युट्यूबवर कोणी "इतके पैसे पाठवा, आजार जाईल" म्हणत असेल तर ती शिकवण चुकीची आहे हे मी स्पष्ट बोलणार, माझ्या आईला पैसे पाठवू देणार नाही. पण त्या माणसाच्या मनात काय आहे, देव त्याचं काय करणार आहे, हे मला माहीत नाही. प्रेषित पौलाने १ करिंथ ४:५ मध्ये (करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र) हेच लिहिलंय, प्रभू येईपर्यंत वेळेआधी निवाडा करू नका, मनातलं तोच उजेडात आणेल.

३. तुलना करणं पाप आहे का? माणूस आहे, होणारच ना.

नजर जाणारच. शेजारणीची नवीन साडी डोळ्यांना दिसते त्यात पाप काय. पण त्या नजरेपाठोपाठ मनात एक पट्टी निघते आणि आपण एकतर तिला त्या पट्टीने मोजतो नाहीतर स्वतःला. मला वाटतं न्याय करणं आणि तुलना करणं ही एकच गोष्ट आहे, पट्टी खाली रोखली की तुच्छता येते आणि वर रोखली की हेवा. दोन्ही वेळा समोरचा माणूस आपला भाऊ राहत नाही, माप होतो.

शौल राजाचंच बघा, १ शमुवेल १८. लढाई जिंकून सगळे परत येत होते, बायका गात होत्या की शौलाने हजारो मारले आणि दाविदाने लाखो. विजय त्याच्याच राज्याचा होता, आकडा त्याच्याही नावावर होता, पण त्याने फक्त दुसरा आकडा ऐकला. दुसऱ्या दिवशी दावीद त्याच्यासाठी वीणा वाजवत असताना ह्याने त्याच्यावर भाला फेकला. १ करिंथ १३:४ मध्ये प्रीती हेवा करत नाही आणि बढाई मारत नाही, फुगत नाही हे सगळं एकाच वचनात आलंय ते उगाच नाही.

४. मी कोणाला कमी लेखत नाही, उलट मला सगळेच माझ्यापेक्षा पुढे वाटतात. हे तर नम्र असणं झालं ना?

हा प्रश्न विशेषतः मुली विचारतात आणि मला फार वाईट वाटतं. नाही गं, हे नम्र असणं नाही, आणि ह्यासाठी स्वतःला दोष देत बसू पण नकोस. पट्टी तीच आहे फक्त ती तू स्वतःवर मारतेयस.

योहान २१ वाच. तळ्याकाठी कोळशावर मासे भाजलेत, न्याहारी झालीये, प्रभूला तीनदा नाकारलेल्या पेत्राला त्याने तीनदा "माझ्यावर प्रीती करतोस का" विचारून परत उभं केलंय, आणि त्याचा शेवट कसा होणार तेही सांगितलंय. इतकं सगळं झाल्यावर पेत्र मागे वळतो, त्याला दुसरा शिष्य येताना दिसतो, आणि तो विचारतो, प्रभू, आणि ह्याचं काय? प्रभू सरळ म्हणतो, तुला त्याचं काय, तू माझ्यामागे ये. मला हे उत्तर आधी कडक वाटायचं, आता वाटतं की ह्यात पेत्राची सुटकाच आहे, कारण दुसऱ्याचं आयुष्य जगायचं ओझंच प्रभूने त्याच्यावरून काढून घेतलं.

पण दिवसेंदिवस झोप नसेल, जेवण जात नसेल, मी नसलेलीच बरी असं मनात येत असेल तर फक्त वचनं वाचत बसू नकोस, घरात सांग आणि डॉक्टरकडे जा. टेलिमानस १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो, मराठीत पण बोलतात.

५. लोक स्टेटसला "देवाने आशीर्वादित केलं" म्हणून नवीन गाडी, फ्लॅट टाकतात आणि मला प्रार्थना करावीशीच वाटत नाही. मी वाईट आहे का?

वाईट नाही, दुखावलेली आहेस. स्तोत्र ७३ तुझ्यासारख्याच माणसाने लिहिलंय, आसाफाने. दुर्जनांचं बरं चाललेलं बघून माझे पाय जवळजवळ घसरले होते असं तो उघड म्हणतो, आणि पवित्रस्थानात गेल्यावर त्याला उलगडलं. तेव्हा हे असंच देवाला सांग, सजवून नको. आणि महिनाभर ती स्टेटसं म्यूट कर, त्यात कोणाचा अपमान नाही.

टाकणाऱ्यांना पण प्रेमाने सांगते. साक्ष जरूर द्या. फक्त फ्लॅट म्हणजे आशीर्वाद असं लिहिताना भाड्याच्या खोलीत विश्वासाने राहणाऱ्या बहिणीला काय ऐकू येतं ह्याचा विचार करा, कारण गाडीच्या मापाने पाहिलं तर पौल तुरुंगात बसलेला होता.

६. घरात मुलांची तुलना थांबतच नाही. "बघ, ताईला किती मार्क!" हे बोललं तर बिघडतं काय?

बिघडतं. उत्पत्तीचं पुस्तक ह्यानेच भरलंय. इसहाकाला एसाव लाडका, रिबकाला याकोब, पुढे त्याच याकोबाने योसेफाला वेगळा झगा शिवला आणि भावांनी त्याला विकून टाकलं. आपल्याकडे दहावीच्या निकालाच्या दिवशी उपासनेनंतर कंपाउंडमध्ये टक्के विचारत फिरतात तेव्हा एखादं पोरगं बुटांकडे बघत उभं असतं, मी पाहिलंय. त्याला टक्के विचारू नका. "पुढे काय करावंसं वाटतंय?" विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.

७. टिकली लावणाऱ्या, मंगळसूत्र घालणाऱ्या बहिणींना काय म्हणावं? आणि शेजारचा प्रसाद?

सगळ्यात जास्त भांडणं ह्यावर, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रोमकरांस १४ वाचा. रोमच्या मंडळीत काही जण सगळं खायचे, काही फक्त भाजीपाला, काही जण ठराविक दिवस पाळायचे. पौल म्हणतो खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. नीट बघा, दोघांना वेगवेगळं सांगितलंय. मोकळ्या विचारांचा माणूस दुसऱ्याला मागासलेला समजतो आणि कडक माणूस दुसऱ्याला पापी ठरवतो, आणि पौल दोघांना विचारतो की दुसऱ्याच्या चाकराला दोष लावणारा तू कोण?

काही घरांत क्रूस असलेलं मंगळसूत्र असतं, काही घरांत ते अजिबात चालत नाही. टिकलीचं तसंच. तुमचं मन खात असेल तर लावू नका, दुसरीच्या कपाळावरून तिचा विश्वास मोजू नका.

प्रसादाचं थोडं वेगळं, कारण १ करिंथ ८ आणि १० मध्ये मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल सरळ सूचना आहेत, कोणी तसं सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका अशी. मी स्वतः खात नाही. पण नाही म्हणायची पण एक रीत असते. आमच्या शेजारच्या काकूंना मी एकदा बसून नीट सांगितलं, तुमच्या देवाला नावं ठेवायला नाही सांगत, माझा प्रभूला दिलेला शब्द आहे म्हणून सांगतेय. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. तेव्हापासून गणपतीत माझ्यासाठी पाच मोदकांचा डबा नैवेद्याआधी बाजूला निघतो, आणि हे त्यांच्या रीतीच्या बाहेर जाऊन त्या करतात. प्रीती मी त्यांना शिकवायची की त्यांच्याकडून शिकायची, मला दरवर्षी प्रश्न पडतो.

८. कोणाची अडचण प्रार्थनेसाठी ग्रुपवर सांगितली तर ती चहाडी कशी?

त्या व्यक्तीला विचारून सांगितली तर नाही. पण आपल्याकडे काय होतं, कॉटेज मीटिंग (कोणाच्या तरी घरची प्रार्थना सभा) संपते, चहाचे कप फिरतात आणि कोणीतरी आवाज खाली आणून म्हणतं, "अमक्याच्या सुनेसाठी प्रार्थना करा हं, माहेरी गेलीये, म्हणजे तुम्हाला माहीतच असेल." सगळे पुढे सरकतात. त्या पुढे सरकण्यातच उत्तर आहे. देवाला नाव माहीत असतं, "एका बहिणीसाठी" एवढं पुरतं.

९. मग चुकणाऱ्या भावाला सांगायचं तरी कसं?

मत्तय १८:१५ पासून क्रम दिलाय. आधी एकटा जा. ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा. मग मंडळी. आपण बरोबर उलटं करतो, आधी सगळ्या मंडळीला कळतं आणि शेवटी त्याला. गलतीकरांस ६:१ मध्ये सौम्यतेने ताळ्यावर आणा आणि स्वतःकडेही लक्ष ठेवा असं आहे, तिथे मला आजीचे धुतलेले हात आठवतात (प्रश्न १).

मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला विदेशी आणि जकातदारासारखा समज असं प्रभू म्हणतो, आणि हे वाक्य लोक बहिष्कारासाठी वापरतात. शिस्त लावायची वेळ येते, १ करिंथ ५ मध्ये पौलाने लावलीच. पण हे लिहिणारा मत्तय स्वतः जकातदार होता असं परंपरा सांगते आणि त्याच्याच घरी प्रभू जेवला. दार बाहेरून बंद करून कडी काढून टाकायची नाही. सेवेच्या प्रवासात मार्क पंफुलिया प्रांतात सोबत सोडून गेला म्हणून पौलाने त्याला परत न्यायला नकार दिला, सोबती बर्णबाशी त्यावरून फाटलं सुद्धा, आणि तोच पौल शेवटी २ तीमथ्य ४:११ मध्ये लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे.

१०. नवरा मारतो. मंडळीतल्या बायका म्हणतात, "न्याय करू नको, क्षमा कर, प्रार्थना कर." मी काय करू?

प्रश्न ९ चा क्रम तुला लागू नाही, एकटीने जाऊन समजावणं तर मुळीच नाही. जिथे मार आहे, धमकी आहे, लहान मुलाशी वाईट वागणं आहे, तिथे आधी सुरक्षित जागी जायचं. "हे चूक आहे" म्हणणं म्हणजे मत्तय ७ मोडणं नाही. रोमकरांस १३ प्रमाणे गुन्ह्याला शिक्षा करायला देवानेच शासन ठेवलंय. घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी असतात, महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ लाव, मुलांसाठी १०९८. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याने (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग करणारा घरातला असो की मंडळीतला. "मंडळीचं नाव जाईल" हे कारण देणाऱ्यांनी मत्तय १८:६ मधलं वचन वाचावं, लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं.

क्षमा हा वेगळा आणि लांबचा रस्ता आहे, ती कधी करायची ते तुला कोणी तारीख देऊन सांगू नये. आणि क्षमा केली म्हणून त्याच घरात परत राहायला गेलंच पाहिजे असं शास्त्रात कुठेही नाही.

११. मंडळीत अजून "तुम्ही आधीचे कोण?" विचारतात. लग्नाच्या वेळी तर हमखास. ख्रिस्तात हे चालतं का?

चालत नाही, आणि हे आपलं मुसळ आहे. आपण बाहेरच्यांना जातीबद्दल बोलतो आणि वधू-वरांच्या माहितीत हळूच "आधीचं" बघतो. याकोब २ मध्ये सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला "तू तिथे उभा राहा", हे पक्षपाताचं पाप म्हणून लिहिलंय.

लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आठवणींत हे सोवळं किती खोल असतं ते लपवून न ठेवता सांगितलंय. त्यांचे पती ना. वा. टिळक, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या काळात दुसऱ्यांच्या हातचं पाणी घेणंही त्यांना जड जायचं, आणि ते त्यांच्या मनातून गेलं ते भाषणाने नाही, रोज माणसांत राहून, जेवून, आजाऱ्यांचं करून. तर सुरुवात जेवणापासून करा. ज्यांच्या घरी तुम्ही कधी जेवला नाहीत त्यांच्या घरी जा.

१२. मी वीस वर्षं मंडळीत राबतोय आणि काल आलेला कमिटीवर. राग येणारच ना?

येणार. मत्तय २० मध्ये पण सकाळपासून राबलेल्यांना आलाच. मजूर अड्ड्यावर सकाळी उभं राहिलेलं बघा, धडधाकट लोक आधी उचलले जातात, आणि दुपारनंतर जे उरतात ते म्हातारे, लंगडे, ज्यांना कोणी नको म्हटलं ते. अकराव्या तासाला म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमाराला मळेवाला परत येतो आणि त्यांना पण नेतो, आणि सगळ्यांना एकेक दिनार देतो, म्हणजे एका दिवसाची मजुरी. घरी चूल पेटायला तेवढी लागतेच, मग तो पाचला आलेला असो. दादा, तुमची मजुरी कापलेली नाही. आणि निवडणुकीत खरंच गडबड झाली असेल तर ती मंडळीच्या घटनेप्रमाणे मीटिंगमध्ये उभं राहून बोला, त्यासाठी प्रश्न २.

१३. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट जुन्या प्रतींत नाही म्हणे? मग ती वापरायची का?

खरं आहे, चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन ह्या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत योहान ७:५३ ते ८:११ हा भाग नाही. तरी मंडळी ही गोष्ट फार जुन्या काळापासून सांगत आलीये आणि प्रभूचं वागणं इतर शुभवर्तमानांत दिसतं तसंच आहे, म्हणून मी वापरते, पण सगळा मुद्दा तिच्यावर टेकवत नाही. वापरताना पूर्ण वापरा. काही जण प्रभूचं "मीही तुला दोषी ठरवत नाही" एवढंच सांगतात किंवा "पुन्हा पाप करू नको" एवढंच. आणि लेवीय २०:१० मध्ये दोघांनाही शिक्षा आहे, तर त्या दिवशी पुरुष कुठे होता? आपल्या मंडळीत तो बऱ्याचदा पहिल्या बाकावर असतो.

१४. माझा घटस्फोट झालाय. लोक माझाच न्याय करतात, उपासनेला जावंसं वाटत नाही.

आधी हे, की त्यांचं म्हणणं देवाचं म्हणणं नाही. १ करिंथ ४:३ मध्ये पौल लिहितो की तुम्ही माझा निवाडा केला तरी मला त्याचं फार काही नाही, मी स्वतःचाही करत नाही, करणारा प्रभू आहे.

पंडिता रमाबाईंना आपण आता केवढ्या मानाने आठवतो, पण १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा इकडे टीका झाली, आणि तिकडे त्यांना शिकवणाऱ्यांनी, ही फार प्रश्न विचारते, चर्चची सगळी मतं मानत नाही म्हणून नाराजी दाखवली. त्यांनी केडगावला मुक्ती मिशन हा आश्रम उभा केला, आणि त्यात ज्या बायकांना समाज पतित म्हणायचा त्यांच्यासाठी वेगळं घर काढलं, त्याचं नाव कृपा सदन.

तू लगेच भरलेल्या उपासनेला जाऊ नकोस वाटलं तर. एक बहीण शोध जी खोदून काही विचारत नाही, आधी तिच्या घरी प्रार्थनेला बस, मग दोघी मिळून एकाच बाकावर बसा. अशी कोणी सापडत नसेल तर मला मेसेज कर, आपण दोघी बसू.